मोरिता-सानांचं फ्रान्स

माझ्या वडिलांना सायकल येत नाही हे आईला लग्नानंतर चौदा वर्षांनी कळलं, आणि तेही टोकियोत. आई पुण्याची. चालायला लागायच्या आधीच ती पायडलवर उभी राहिली असावी असा माझा अंदाज आहे. शाळा, कॉलेज, एम.एस्सी., सगळं तिने एका काळ्या लेडीज सायकलवर उरकलं, आणि रविवारी मैत्रिणींशी पैज लावून ती सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायची. बाबा डोंबिवलीचे. तिथे सायकल चालवायची म्हणजे आधी रस्ता रिकामा व्हायची वाट पाहायची, आणि त्या प्रतीक्षेतच त्यांचं बालपण संपलं. लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा कंपनीची बस दाराशी यायची, त्यामुळे विषयच निघाला नाही.

तो निघाला एका रविवारी दुपारी, आमटीभात खाताना. आम्ही तेव्हा टोकियोतल्या ओजिमा भागात एका सरकारी वसाहतीत अकराव्या मजल्यावर राहत होतो. बाबा पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतर्फे जपानी बँकेचं काम करायला आले होते, सहा महिन्यांसाठी. त्या सहा महिन्यांची तेव्हा पाच वर्षं झाली होती. "मेमधल्या सुट्टीत मोरिता-सान आम्हाला सगळ्यांना सायकलिंगला नेतायत," बाबा भात कालवत म्हणाले. "फॅमिलीसकट. खेड्यातला रस्ता आहे म्हणे, फक्त सायकलींचा. मोटारींना बंदी. मी हो म्हणालोय."

आईच्या हातातला डाव आमटीवरच थांबला. तिचा चेहरा असा उजळलेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. बाबांचा मात्र पडलेला होता.

"मग अडचण काय आहे?"

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"सायकल."

आईने डाव खाली ठेवला. "चौदा वर्षं तुम्ही हे माझ्यापासून लपवून ठेवलंत?"

"लपवलं कुठे? तू विचारलंच नाहीस."

"मंगळ आहे का ते विचारलं होतं. सायकल येते का हेही विचारायचं असतं, हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं हो."

बाबांचा खरा आजार सायकल न येणं हा नव्हताच. त्यांचा आजार होता 'हाय'. जपानीत 'हाय' म्हणजे हो. पण त्याचा अर्थ 'ऐकतोय', 'बरं', 'चालू द्या' आणि कधी कधी 'मला काहीही कळलेलं नाही' असाही होतो. बाबांनी जपानी भाषेतला हा एकच शब्द इतका मनापासून आत्मसात केला होता, की ते फोनवरसुद्धा कमरेत वाकून हाय म्हणायचे. ऑफिसात ते कारे-सान होते. आमचं आडनाव काळे. ळ जपान्यांकडे नाही, आणि कारे म्हणजे त्यांच्याकडे चक्क करी. त्यामुळे पाच वर्षं आमच्या घरातला कर्ता पुरुष श्रीयुत रस्सा या नावाने हिंडत होता आणि त्यालाही हायच म्हणत होता. शनिवारी याल का? हाय. हे काम सोमवारपर्यंत होईल का? हाय. सायकल चालवता ना, कारे-सान? हाय, हाय.

आणि विचारणारे मोरिता-सान होते, त्यामुळे नाही म्हणणं बाबांना मरणापेक्षा अवघड होतं. मोरिता-सान म्हणजे बाबांचे साहेब, निवृत्तीला वर्षभर राहिलेले, वाळक्या शेंगेसारखे सडपातळ. त्यांच्या टेबलावर बायकोचा फोटो नव्हता, फ्रान्सचा होता. कालव्याकाठचा एक रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडं, लांबवर एक पडका किल्ला, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिथे सायकल चालवायची म्हणून ते वीस वर्षं पैसे आणि रजा साठवत होते. पण त्यांच्या बायकोला विमानाची भीती वाटायची आणि तिला सोडून जायची त्यांना भीती वाटायची. शेवटी त्यांनी टोकियोपासून दोनेक तासांवर स्वतःचं फ्रान्स शोधून काढलं. त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याशी एक जुनी रेल्वे बंद पडली होती. तिचे रूळ उखडून सरकारने सायकलींचा रस्ता केला होता. कालव्याऐवजी भातखाचरांचे पाट, किल्ल्याऐवजी मकाबे नावाचं जुन्या व्यापाऱ्यांचं गाव. "सारखंच आहे," मोरिता-सान सांगायचे. "फक्त वाइन नाही, म्हणून तोल जास्त चांगला राहतो."

आता घराबद्दल थोडं सांगायला हवं. दोन खोल्या, त्यातली एक चटयांची, आणि एवढीशी गॅलरी. सकाळी सगळ्या इमारतीतल्या बायका गॅलरीत गाद्या टांगून काठीने बडवायच्या, तो धपधप आवाज ऐकला की आई म्हणायची, "बघ, इथल्या बायका राग कसा शहाणपणाने काढतात." संध्याकाळी पाचला म्युनिसिपालिटीच्या भोंग्यावर एक रडवेलं गाणं लागायचं, मुलांनी घरी जावं म्हणून. आमच्या कुकरची शिट्टी ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्याच महिन्यात वर येऊन, तीनदा वाकून, आमच्या स्वयंपाकघरातून कोणती गाडी जाते असं विचारलं होतं. आईने त्यांना वरणभात खायला घातला. तेव्हापासून शिट्टी झाली की आजी पाच मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून यायच्या.

आई पुण्यात एका शाळेत गणित शिकवायची. जपानला येताना तिने बिनपगारी रजा टाकली होती. इथे तिच्या व्हिसावर लिहिलं होतं 'डिपेंडंट'. त्या शब्दाचं मराठी 'आश्रित', असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि मग लाडू पुढे करायची. मधे काही महिने तिने डबे भरण्याच्या कारखान्यात अर्धवेळ काम केलं. पट्ट्यावरून भाताचे डबे येणार आणि आईने प्रत्येक भातावर मधोमध एक खारवलेलं आलुबुखार ठेवायचं. "एम.एस्सी. करून मी वर्तुळाचा केंद्रबिंदू काढते," ती म्हणायची. आम्ही हसायचो. ती त्यात काय सांगत होती हे बाबांना कळलं नाही, मलाही नाही. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि त्या हसण्याची मला अधूनमधून लाज वाटते. रोज नाही. रोज लाज वाटून घ्यायला वेळ कुठे असतो.

शिकवणी एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू झाली. पहाटे सहाला आम्ही तिघं आराकावा नदीच्या बांधावर जायचो. आईची सायकल होती मामाचारी. नावात मामा असला तरी ती मामाची नव्हे, आईची. जपानीत आईला मामाही म्हणतात. पुढे टोपली, जाड सीट, आणि वजन एखाद्या म्हशीच्या रेडकाएवढं. त्यावर बेचाळीस वर्षांचे बाबा, गुडघ्यांना टॉवेल बांधून. आई मागून कॅरियर धरून धावायची आणि गणिताच्या तासाला वापरायची तोच आवाज लावायची. "खाली बघू नका! चाक पळून जात नाहीये! समोर बघा!" बाबा समोर बघायचे आणि समोर जे असेल त्यावर जाऊन आदळायचे. एक बाक, एक कचऱ्याचा डबा, आणि एकदा व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्यांची आख्खी रांग. ते म्हातारे इतके सभ्य की त्यांनीच माफी मागितली. पुढच्या रविवारपासून ते बाबांची वाट बघत थांबायला लागले आणि बाबा दिसले की "गाम्बात्ते!" म्हणजे हिंमत धरा, असं कोरसमध्ये ओरडायला लागले. मी नुकतीच माध्यमिक शाळेत गेले होते. कोणी वर्गातलं बघेल या भीतीने मी तोंडाला मास्क लावून वीस पावलं लांब उभी राहायचे, जणू ही माणसं माझी कोणी नव्हेत.

चौथ्या रविवारी बाबांना सायकल आली. म्हणजे सरळ जाता यायला लागली. वळता येत नव्हतं, आणि थांबायचं असलं की ते ब्रेकऐवजी दोन्ही बूट जमिनीवर घासायचे. पण जेव्हा आईने हात सोडला आणि बाबा एकटेच लांब, लांब जात राहिले, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी होती. "चला," ती म्हणाली, "एक विद्यार्थी पास." मग हलकेच, स्वतःशी बोलल्यासारखं, म्हणाली, "जूनमध्ये आणखी साठ येतील."

मी ऐकलं होतं. मला आधीच संशय होता. आई हल्ली पुण्याला मावशीशी फोनवर बोलताना मी आत आले की एकदम आमसुलांबद्दल बोलायला लागायची. मी तिला तिथेच बांधावर विचारलं, आणि आई खोटं बोलण्यात कच्ची होती. शाळेचं पत्र आलं होतं. रजा आता वाढणार नाही. जूनमध्ये हजर व्हा नाहीतर राजीनामा द्या. तिने येते म्हणून कळवलं होतं.

"आणि मी?"

"तूही. तिकडे आठवीत प्रवेश होईल तुझा."

"आणि बाबा?"

"बाबांना मी सांगणार आहे. ही ट्रिप होऊ दे. आत्ता सांगितलं तर ते सायकल विसरतील."

दूरवर बाबा बूट घासत थांबायचा प्रयत्न करत होते. मला आईचा भयंकर राग आला. मी तेव्हाच शाळेच्या बँडमध्ये गेले होते. नव्या मुलांना महिनाभर आख्खी क्लॅरिनेट देत नसत. नुसतं तिचं तोंड द्यायचे, त्यात फुंकत बसायचं. आम्ही बाराजणी रोज तासभर बदकांसारख्या ओरडायचो, आणि माझी जिवलग मैत्रीण आया माझ्या शेजारी ओरडायची. मेच्या सुट्टीनंतर मला आख्खी क्लॅरिनेट मिळणार होती. आणि ही बाई मला उचलून अशा शहरात नेणार होती जिथे मला बाराखडीतल्या ऱ्हस्वदीर्घावरून हसले असते. मी विचार केला, बाबांना कळलं तर बाबा अडवतील. बाबांनी आयुष्यात कोणालाच कधी अडवलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

ट्रिपच्या दिवशी आकाश धुतल्यासारखं होतं. आईने पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि दहीभात केला होता. ऑफिसातली सहाजणं होती, त्यांनी दुकानातले भाताचे त्रिकोणी गोळे आणले होते. डोंगराच्या पायथ्याशी जुन्या स्टेशनवर एका टेम्पोतून भाड्याच्या सायकली उतरवल्या, आणि मोरिता-सान आपली स्वतःची घेऊन आले. निळी, पातळ, वाऱ्याने उडेल अशी. त्यांनी घातलेली चड्डी इतकी घट्ट होती की आईने त्यांना नमस्कार करताना नजर थेट डोंगराच्या शिखरावर लावली. "अहो, हे साहेब ना तुमचे?" तिने बाबांना विचारलं. "मग पूर्ण कपडे का नाही घातले?"

रस्ता मात्र खरंच सुंदर होता. मोरिता-सानांनी फुशारकी मारली नव्हती. रेल्वेचा रस्ता, म्हणून सरळसोट आणि सपाट. बाबांसाठी मुद्दाम केल्यासारखा. दोन्ही बाजूंना नुकतं पाणी सोडलेली खाचरं, त्यात उलटा डोंगर, आणि बेडकांचा असा गजर की आमचा बँड त्यापुढे फिका. मधेच एखादा फलाट यायचा, छप्पर नाही, पाटी नाही, नुसता गवतात उभा. पलीकडे जाड भिंतींची जुनी घरं, काळी कौलं, दगडी कुंपणं. मोटारीचा आवाज नाही. फक्त चाकांची सूंसूं, आणि दर थोड्या अंतराने बाबांची किंकाळी. कारण जिथे गावातला रस्ता आडवा जायचा तिथे मोटारी आत येऊ नयेत म्हणून मधोमध खांब पुरले होते, आणि बाबा ज्याच्याकडे बघत तिकडेच जात. प्रत्येक खांबाआधी आई ओरडायची, "खांबाकडे बघू नका! त्याच्या शेजारच्या जागेकडे बघा!" पहिले चार खांब त्यांनी असे पार केले. पाचव्याआधी ते आनंदाने गाणं म्हणायला लागले होते. सहकारी मागे-पुढे "सुगोई, कारे-सान!" म्हणजे कमाल आहे, असं म्हणत होते, आणि बाबा प्रत्येकाला हाय म्हणत होते.

आई थोडी मागे मोरिता-सानांबरोबर होती. मी बाबांच्या शेजारी आले. ते इतके खूश होते की मला त्यांचाही राग आला. उजव्या हाताला खाचर होतं, पुढे सरळ रस्ता.

"बाबा, आई जूनमध्ये पुण्याला चाललीय. शाळेत. कायमची. मलाही नेणार आहे. तिने तुम्हाला सांगितलं नाहीये."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि ते जिकडे बघत तिकडेच जात, हे वर सांगितलंच आहे. मी ब्रेक मारून मागे राहिले. बाबा माझ्या पुढच्या चाकासमोरून तिरके, अगदी शांतपणे, रस्ता सोडून उतारावरून खाली गेले, आणि सायकलसकट खाचरात बसले. आपटले म्हणता येणार नाही. चिखलाने त्यांना मांडीवर घेतलं. बेडूक एकदम गप्प झाले.

आई धावत आली. "लागलं का?"

बाबा छातीपर्यंत चिखलात बसून होते. चष्म्यावर चिखल. "जूनमध्ये?" ते म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही. मग तिने चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि सरळ खाचरात उतरली. "मी सांगणारच होते."

"कधी? विमानतळावर?"

"तुम्हाला सांगायला तुम्ही घरी असता कधी?"

"तू विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो!"

"हो ना! तुम्ही सगळ्यांनाच हो म्हणता! पाच वर्षं ऐकतेय, हाय हाय हाय! मला तुमचा हो नको होता! जरा विचार करून काहीतरी बोला, एवढंच हवं होतं मला!"

रस्त्यावर सहा जपानी माणसं सायकली धरून रांगेत उभी होती आणि सगळी एकाग्रतेने डोंगर बघत होती. मोरिता-सानांनी मला हळूच विचारलं, "आई काय म्हणताहेत?"

"लागलं का म्हणून विचारतेय," मी म्हणाले.

"फार काळजी करतात," मोरिता-सान म्हणाले.

पलीकडच्या खाचरात एक म्हातारी काम करत होती. ती "अरा, अरा" करत आली, बाबांचा दंड धरला आणि रोप उपटावं तसं त्यांना बाहेर काढलं. तिचं घर तिथेच होतं. मोरिता-सानांनी बाकीच्यांना पुढे पाठवलं आणि आम्ही चौघं तिच्यामागे गेलो. अंगणात तिने बाबांवर नळीने पाणी सोडलं, आगापिछा न बघता, बैल धुवावा तसं, आणि मग वारलेल्या नवऱ्याचे कपडे आणून दिले. तो बुटका असावा. विजार बाबांच्या पोटऱ्यांपर्यंतच आली. आम्हाला तिने ओटीवर बसवलं, चहा दिला, खारवलेल्या काकडीच्या चकत्या दिल्या. आईने पुऱ्यांचा डबा उघडला. म्हातारीने तिखटमिठाची पुरी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि दुसरी घेतली. ती याच रेल्वेने लग्न होऊन इथे आली, असं ती सांगत होती, आणि मी मराठी करत होते. गाडी बंद झाली तेव्हा कितीतरी दिवस तिला दुपारी जेवायला कधी उठायचं ते कळत नसे. एवढं सांगून ती मोरिता-सानांना आपली कोठाराची खोली दाखवायला घेऊन गेली. मला आता वाटतं, तिला मराठी येत नसलं तरी सगळं कळलं होतं.

बाबा चहाच्या कपाकडे बघत होते.

"जाऊ नकोस," ते म्हणाले.

आईने मान वर केली.

"मला नाही आवडणार तू गेलीस तर. मला स्वयंपाक येत नाही, कचरा कोणत्या वारी कोणता टाकायचा ते माहीत नाही, पण त्यासाठी नव्हे. म्हणजे त्यासाठीही. पण मला घरी येऊन तुझे टोमणे ऐकायची सवय झालीय. तू गेलीस तर मी कोणाकडे येऊ?"

आई हसलीही नाही, रडलीही नाही. "हे आधी का नाही बोललात?"

"तू विचारलंच नाहीस," बाबा म्हणाले, आणि लगेच, "नाही, तसं नाही. मीच विचारलं नाही. आलुबुखार ठेवताना तुला कसं वाटतं, ते." मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "तू जा. मला वाटतं जाऊ नयेस, पण तू जा. माझं काम आणखी दोन वर्षं आहे. आणि हिचं काय ते हिला विचार. आपण तिला विचारलेलंच नाही."

दोघं माझ्याकडे वळली. मला मराठीत सांगायचं होतं, पण तोंडातून आलं ते जपानीच. "यादा." नाही जायचं. मग मराठीत म्हणाले, "मी बाबांजवळ राहते. मला क्लॅरिनेट मिळणार आहे."

तेव्हा आईचा चेहरा हलला. मी तिला हरवायला निघाले होते आणि ते नेमकं साधलं होतं, आणि मला अजिबात आनंद झाला नाही. तिने माझ्या केसांतला चिखल काढला. तिथे चिखल नव्हता. "बरं," ती म्हणाली. "रियाज रोज करायचा. आणि शुद्धलेखन."

मोरिता-सान परत आले. त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं, आणि आपली निळी सायकल आईपुढे धरली. माझा गुडघा दुखतोय, म्हणाले. मी तुमच्या भाड्याच्या सायकलवरून सावकाश येतो, ही तुम्ही घ्या. त्यांचा गुडघा उत्तम होता, सकाळपासून आम्ही तो उघडाच बघत होतो. पण सकाळभर आईच्या मागे सायकल चालवून त्यांना कळलं होतं की ही बाई कोणासाठी तरी हळू चालवतेय.

आईने ओढणी कमरेला आवळली, सीट खाली केली, एकदा ब्रेक दाबून बघितले. "मी पुढे जाऊ?" तिने बाबांना विचारलं. बाबा हाय म्हणाले नाहीत. "जा," म्हणाले. आणि ती गेली. मी आईला असं कधी पाहिलं नव्हतं. पाठ वाकवलेली, कोपरं आत, पाय असे फिरत होते की दिसेचनात. पुढचा खांब आला तशी ती सीटवरून किंचित उठली आणि दोऱ्यातून सुई जावी तशी, छे, सुईतून दोरा जावा तशी निघून गेली. आम्ही तिघं ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. मोरिता-सान हळूच म्हणाले, "फ्रान्समध्येसुद्धा असं दिसत नसेल." मी हे बाबांना सांगितलं, तर बाबा म्हणाले, "पुण्यात दिसायचं. मी बसमध्ये असायचो."

उरलेले सहा किलोमीटर बाबा चिखलाने भरलेली सायकल ढकलत चालले, मेलेल्या माणसाच्या आखूड विजारीत, आणि मी त्यांच्याबरोबर. ते मला रागावले नाहीत. मधे एकदा म्हणाले, "कचरा मंगळवारी कोणता असतो गं?" मी सांगितलं, जळणारा. मकाबेच्या फलाटावर आई पाय पसरून बसली होती, घामाने डबडबलेली, शेजारी कंपनीची सगळी माणसं, आणि ती त्यांना खाणाखुणांनी, मोडक्या जपानीत, दहीभातात मोहरी केव्हा घालायची ते शिकवत होती.

तिने जूनच्या पहिल्या आठवड्यात जायचं ठरलं. मधल्या दिवसांत तिने बाबांना वरण, भात, पिठलं आणि ऑम्लेट शिकवलं, भिंतीवर कचऱ्याचं वेळापत्रक लावलं, आणि खालच्या आजींना आमच्यावर नजर ठेवायला सांगितलं. आजींनी ते काम पुढची दोन वर्षं शिट्टीच्या तालावर केलं. मला क्लॅरिनेट मिळाली. मी ती आईला वाजवून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, बदक जरा मोठं झालंय.

नारिता विमानतळावर आम्ही बसने गेलो. आईच्या बॅगेत आमच्यापेक्षा शाळेतल्या मुलांसाठी नेलेल्या पेन्सिली जास्त होत्या. आत जायच्या आधी तिने मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता ती रागावणार. महिनाभर तिने तो विषय काढला नव्हता.

"त्या दिवशी तू सांगितलंस ते बरं झालं," ती म्हणाली. "मला जमलं नसतं. मी ट्रिप होऊ दे, मग पगार होऊ दे, मग पाऊस होऊ दे, करत बसले असते." तिने माझी कॉलर सारखी केली. "पण माणूस सायकलवर असताना सांगू नये गं."

मग ती आत गेली. वळून बघायची तिची पद्धत नव्हती. काचेपलीकडे पासपोर्टच्या रांगेत बरीच माणसं होती, आणि बाबांनी चष्मा पुसून हात हलवायला सुरुवात केली. त्यांनी दहा मिनिटं हात हलवला. आई केव्हाच रांगेतून पुढे निघून गेली होती. बाबा ज्या पाठमोऱ्या बाईला हात करत होते ती आईसारखाच राखाडी स्वेटर घातलेली दुसरीच कोणीतरी होती. मला ते दिसत होतं, पण मी सांगितलं नाही. शेवटी त्या बाईने वळून पाहिलं, आमच्याकडे जरा गोंधळून बघितलं, आणि बिचारीने हात वर करून हलवला.